परमुलखातील प्रवासी आणि तक्रारीचा प्रश्न

प्रश्नाची व्याप्ती

परदेशात मिळालेली सेवा निकृष्ट वाटल्यास प्रवाशाने तक्रार करावी, की त्या देशाची रीतच तशी असेल असे मानून गप्प राहावे, हा प्रश्न वरवर पाहता शिष्टाचाराचा वाटतो. प्रत्यक्षात ग्राहकहक्क, भाषाव्यवहार, श्रमसंबंध आणि कायदा या चारही क्षेत्रांतील अभ्यासकांनी तो हाताळला आहे आणि बहुतेकांनी शेजारच्या क्षेत्रात काय चालले आहे याची फारशी चौकशी केलेली नाही. त्यामुळे एकाने विचारावे एक आणि दुसऱ्याने उत्तर द्यावे भलत्याचेच, असा प्रकार या वादात वारंवार घडतो.

येथे तक्रार म्हणजे सेवा देणाऱ्याला किंवा त्याच्यावर देखरेख ठेवणाऱ्या यंत्रणेला उद्देशून, दुरुस्तीची वा भरपाईची अपेक्षा धरून केलेले निवेदन असा अर्थ घेतला आहे. सहप्रवाशांपाशी केलेली कुरकुर या व्याख्येत बसत नाही, मात्र संशोधक तिलाही ‘खासगी तक्रार’ म्हणून मोजतात, हे पुढील विवेचनासाठी लक्षात ठेवणे आवश्यक आहे. चोरी, उघड फसवणूक किंवा जीविताला धोका असेल तेथे दाद मागावी, याबद्दल कोणाचाच मतभेद नाही. वाद आहे तो मधल्या पट्ट्याचा, म्हणजे ताटकळत ठेवून आलेल्या जेवणाचा, मान वर न करता बोलणाऱ्या स्वागतिकेचा, सांगूनही बदलून न मिळालेल्या खोलीचा.

पार्श्वभूमी

५ जुलै १८४१ रोजी टॉमस कुक यांनी लेस्टरहून लफबरोला आगगाडीने सहल नेली, तेथून संघटित पर्यटनाचा इतिहास सांगण्याची प्रथा आहे. त्याच सुमारास लंडनच्या जॉन मरे यांची १८३६ पासूनची आणि कोब्लेन्झच्या कार्ल बेडेकर यांची (आडनाव मराठी कानाला घरचे वाटले तरी गृहस्थ जर्मन) मार्गदर्शक पुस्तके युरोपभर खपू लागली. या पुस्तकांचे प्रकाशक वाचकांकडून दुरुस्त्या मागवीत, आणि खाणावळ महाग किंवा अस्वच्छ निघाली तर प्रवासी ते त्यांना कळवीत. म्हणजे आधुनिक पर्यटनाच्या आरंभापासूनच प्रवाशाची नाराजी यजमानाला तोंडावर न सांगता मायदेशातील मध्यस्थाकडे पाठविण्याची वाट रुळलेली होती. आजची संकेतस्थळांवरील परीक्षणे ही त्याच वाटेची पुढची मजल आहे. त्याच शतकात रशियन रेल्वे स्थानकांवर तक्रारवही ठेवण्याचा रिवाज होता. अंतोन चेखव यांच्या १८८४ सालच्या ‘तक्रारवही’ या लघुकथेत त्या वहीत तक्रारी सोडून बाकी सर्व काही लिहिलेले आढळते. यंत्रणा उभारली म्हणजे लोक तिचा ठरवून दिलेला उपयोग करतीलच असे नाही, एवढे त्या विनोदातून समजून घेता येते.

१९५० साली जगभरातील आंतरराष्ट्रीय पर्यटकांची ये-जा सुमारे अडीच कोटी होती, ती २०१९ मध्ये १४६ कोटींच्या घरात गेली. या वाढीइतकाच महत्त्वाचा बदल दिशेचा आहे. या विषयावरील जुने लेखन पाहुणा पाश्चात्त्य आणि यजमान गरीब देशातला असे गृहीत धरून चालते. पुण्या-मुंबईहून पन्नासजणांचा गट स्वित्झर्लंडला किंवा थायलंडला जातो तेव्हा त्या गृहीतकाचा पायाच सुटतो.

सैद्धांतिक चौकटी

तक्रारीच्या अभ्यासाला सर्वाधिक वापरली गेलेली चौकट अर्थतज्ज्ञ अल्बर्ट हर्शमन यांनी १९७० मध्ये दिली. संस्थेचा दर्जा घसरला की माणसापुढे तीन मार्ग असतात: सोडून जाणे, बोलून दाखविणे किंवा निष्ठेने टिकून राहणे. प्रवाशाच्या बाबतीत ही चौकट काहीशी वाकडी बसते, कारण तो उद्या सकाळी तसाही निघून जाणार असतो आणि त्या हॉटेलात पुन्हा येण्याची शक्यता नगण्य असते. त्याने बोलून दाखविले तर सुधारणेचा लाभ मुख्यतः पुढच्या पाहुण्याला मिळतो. साहजिकच प्रवाशाच्या तक्रारीत स्वार्थाबरोबर थोडा परार्थही असतो, आणि म्हणूनच ती अनेकदा केलीच जात नाही.

दुसरी चौकट सेवाविपणनाची. परशुरामन, झाइथामल आणि बेरी या तीन अभ्यासकांनी १९८५ मध्ये सेवेचा दर्जा म्हणजे ग्राहकाची अपेक्षा आणि त्याला आलेला अनुभव यांतील तफावत, अशी मांडणी केली. परदेशप्रवासात या तफावतीचा एक पाय घरी असतो. पॅरिसमधील उपाहारगृहात पदार्थाच्या छापील किमतीतच सेवेचे मोल धरलेले असते आणि गिऱ्हाइकाने मागितल्याखेरीज बिल आणून ठेवणे तेथे उद्धटपणाचे समजले जाते. टेबल अडवून बसलेल्या माणसाला घाई करणे, असा त्याचा अर्थ होतो. झटपट बिलाची सवय असलेल्या पाहुण्याला मात्र बिल आपणहून न येणे हे दुर्लक्ष वाटते. अशा वेळी दोष सेवेत की अपेक्षेत, हे तफावतीच्या सिद्धान्ताला सांगता येत नाही. तो केवळ तफावत मोजतो. पॅरिसच्या पर्यटन विभागाने आणि वाणिज्य मंडळाने २०१३ मध्ये निरनिराळ्या देशांच्या पाहुण्यांच्या अपेक्षा सांगणारी पुस्तिका वेटर व दुकानदारांसाठी काढली, तेव्हा अपेक्षा समजून घेण्याचा काही भार यजमानानेही उचलावा हे तत्त्व एका मोठ्या शहराने अधिकृतपणे मान्य केले.

हक्काची भूमिका

तक्रार करावी असे म्हणणाऱ्यांचा मुख्य आधार करार हा आहे. पैसे घेऊन जे कबूल केले ते द्यावे, हे तत्त्व सीमा ओलांडली म्हणून बदलत नाही. या पक्षाचा दुसरा युक्तिवाद अधिक विचार करायला लावणारा आहे: ‘यांच्याकडे असेच चालायचे’ असे म्हणून गप्प बसणे हा वरकरणी समजूतदारपणा असला तरी त्यात यजमानाकडून चांगल्या कामाची अपेक्षाच न ठेवण्याचा तुच्छभाव दडलेला असतो. महाराष्ट्रातील वाचकाला ही भूमिका परिचित वाटेल. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात सुरू केलेली ग्राहक चळवळ, १९७५ ची मुंबई ग्राहक पंचायत आणि पुढे १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा या सर्वांचा भर ग्राहकाने मुकाट्याने सोसू नये यावरच होता.

या भूमिकेचे सर्वांत व्यवस्थित रूप दक्षिण युरोपात दिसते. स्पेनमध्ये हॉटेले, उपाहारगृहे व दुकाने यांना तक्रारपत्रे ठेवणे आणि ती उपलब्ध असल्याची पाटी लावणे बंधनकारक आहे. पत्राच्या प्रती असतात, एक आस्थापनेकडे राहते आणि उरलेल्या गिऱ्हाइकाला मिळतात, ज्यांतील एक त्याने ग्राहक कार्यालयात द्यायची असते. पोर्तुगालमध्ये २००५ च्या कायद्याने हीच पद्धत तक्रारवहीच्या स्वरूपात बहुतेक सर्व आस्थापनांना लागू झाली आणि २०१७ पासून वहीचा इलेक्ट्रॉनिक अवतारही आला. तेथे मूळ पान नियामक संस्थेकडे पाठविण्याची जबाबदारी खुद्द आस्थापनेची असते. वही मागणे हे तेथील गिऱ्हाइकाला भांडण वाटत नाही आणि वेटरलाही तो अपमान समजण्याचे कारण उरत नाही, कारण संताप व्यक्त होण्याआधीच तो कागदाच्या ठरावीक रकान्यांत बसविला जातो. विमानप्रवासात युरोपीय संघाच्या २००४ च्या नियमाने याच्याही पुढे जाऊन भरपाईची रक्कमच ठरवून दिली. युरोपीय विमानतळावरून निघालेले विमान तीन तासांहून अधिक उशिरा पोहोचले, तर असाधारण परिस्थितीचे अपवाद वगळता अंतरानुसार २५० ते ६०० युरो मागता येतात आणि प्रवासी कोणत्या देशाचा हे पाहिले जात नाही.

संयमाची भूमिका

या विरुद्धची भूमिका भाषाव्यवहाराच्या अभ्यासातून आली. समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनी १९५५ मधील निबंधात, माणूस चारचौघांत स्वतःची जी प्रतिमा सांभाळत असतो आणि इतरांचीही सांभाळून घेत असतो, तिचा विचार मांडला. मराठीत तिला ‘आब’ म्हणता येईल. पेनेलोप ब्राउन आणि स्टीफन लेव्हिन्सन यांनी १९७८ मध्ये इंग्रजी, मेक्सिकोतील त्सेल्ताल आणि तमिळनाडूतील तमिळ या तीन भाषांच्या आधारे असे प्रतिपादन केले की काही उक्ती मुळातच समोरच्याच्या आबेला धक्का लावणाऱ्या असतात, तक्रार त्यांपैकी एक आहे, आणि म्हणून सर्व भाषा तिला सौम्य करण्याच्या युक्त्या बाळगतात. योशिको मात्सुमोतो व साचिको इदे या जपानी अभ्यासिकांनी पुढे १९८८-८९ च्या सुमारास त्यावर आक्षेप घेतला: जपानीत सभ्यता ही व्यक्तीने योजलेली युक्ती नसून, आपले स्थान ओळखून त्यानुसार वागण्याचा भाग असते.

थायलंडचे उदाहरण या संदर्भात नेहमी दिले जाते. सुंतारी कोमिन यांनी १९९० च्या सुमारास थाई समाजमनाचा जो विस्तृत अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात स्वतःचा व दुसऱ्याचा मान राखणे आणि संबंध खडबडीत होऊ न देणे यांना वरचे स्थान मिळालेले दिसते. स्वागतकक्षात आवाज चढविणारा पाहुणा तेथे आपली बाजू बळकट करीत नाही. माघार घेण्याची जागाच न उरल्याने व्यवस्थापक हसतमुखाने काहीही न करण्याचा मार्ग पत्करतो, असे या पक्षाचे अभ्यासक सांगतात. हाच मुद्दा इतिहासाच्या अंगाने मांडणारेही आहेत. जमैका किंकेड यांच्या अँटिग्वा बेटाविषयीच्या १९८८ च्या ‘अ स्मॉल प्लेस’ या पुस्तकात पर्यटकाच्या अपेक्षांकडे जुन्या मालक-चाकर नात्याचे शेपूट म्हणून पाहिले आहे.

संयमाच्या भूमिकेला अनुभवजन्य संशोधनाचा काही आधार आहे. लिऊ आणि मॅक्लुअर यांनी २००१ मध्ये दक्षिण कोरिया व अमेरिका यांतील ग्राहकांची तुलना केली, तेव्हा कोरियन ग्राहक दुकानदाराला थेट बोलण्याकडे कमी आणि खासगीत नापसंती पसरविण्याकडे अधिक झुकतात असे आढळले. हाँगकाँगमधील हॉटेलांच्या पाहुण्यांविषयी २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही आशियाई पाहुणे मान जाण्याच्या भीतीने हॉटेलकडे तक्रार करण्यास कचरतात, असे दिसले. पण त्याच अभ्यासात आणखी एक कारण पुढे आले, ते म्हणजे तक्रार कोठे करायची याची त्यांना कमी माहिती होती. हे दुसरे कारण उद्धृत करणारे थोडे आणि पहिले सांगणारे पुष्कळ, ही या क्षेत्राची खोड आहे.

‘संस्कृती’ या स्पष्टीकरणाला मर्यादा आहेत. गेर्ट हॉफस्टेड यांनी आयबीएमच्या निरनिराळ्या देशांतील कर्मचाऱ्यांच्या प्रश्नावल्यांवरून १९८० मध्ये राष्ट्रांना अधिकार-अंतर, व्यक्तिवाद इत्यादी निकषांवर गुण दिले, आणि सेवाक्षेत्रातील असंख्य निबंध त्या गुणांवर उभे राहिले. एका कंपनीतील नोकरवर्गावरून अख्ख्या राष्ट्राचा स्वभाव कसा ठरवायचा, हा ब्रेंडन मॅकस्वीनी यांचा २००२ मधील आक्षेप अद्याप समाधानकारकरीत्या खोडला गेलेला नाही. शिवाय थाई माणूस तक्रार करीतच नाही हे वास्तव नव्हे. तेथे ग्राहक संरक्षण मंडळ आहे, त्याचा ११६६ हा दूरध्वनी क्रमांक आहे, ग्राहकांची स्वतंत्र संघटनाही आहे. तिथला रिवाज म्हणून जे पाहुण्याच्या गळी उतरविले जाते ते स्थानिक गिऱ्हाईक कधीकधी क्षणभरही खपवून घेणार नाही.

पानातली कसोटी

दोन्ही भूमिकांची परीक्षा घेण्यास भारतीय शाकाहारी प्रवासी जपानात गेला असता जे होते ते उपयोगी पडते. तेथील सार, नूडल्सचा रस्सा, उकडलेल्या भाज्या यांच्या मुळाशी बहुधा ‘दाशी’ नावाचे पाणी असते, आणि ते वाळवलेल्या बोनिटो माशाच्या पापुद्र्यांपासून काढलेले असते. वेटरच्या लेखी वाटीत मासा नाही, कारण मासा दिसत नाही. पाहुण्याच्या लेखी कबूल केलेली गोष्ट मोडली गेली. तो पदार्थातून एखादा घटक काढून टाकण्याची विनंती करतो, ती बहुतेक ठिकाणी नम्रपणे नाकारली जाते, कारण ठरलेला पदार्थ ठरल्या पद्धतीने निर्दोष देणे हीच तेथे उत्तम सेवा मानली जाते. थायलंडमध्ये चित्र वेगळे आहे. तेथे पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षरांत लिहिलेल्या ‘जे’ खाद्यपदार्थांत मांस, मासळीचे पाणी, अंडी, दूध यांबरोबर कांदा-लसूणही वर्ज्य असतो आणि जैन पाहुण्याला हवे ते बऱ्याच अंशी आयते मिळते. साध्या ‘शाकाहारी’ या शब्दावर विसंबल्यास मात्र अंडे पानात येऊ शकते. जपानातील प्रसंगी आवाज चढविणे व्यर्थ आहे, हे संयमवाद्यांचे म्हणणे पटण्याजोगे आहे. परंतु सहल विकणाऱ्या कंपनीने ‘शुद्ध शाकाहारी’ अशी छापील हमी दिली असेल, तर तीच घटना कराराच्या कक्षेत येते. मात्र तेव्हा तक्रारीचा पत्ता तोक्यो नसून मुंबई किंवा पुणे असतो. प्रवाशाने बोलावे का, या प्रश्नाच्या आधी कोणापाशी, हा प्रश्न सोडविला तर वादाचा बराच भाग आपोआप विरतो, असे प्रस्तुत आढाव्यात वाटते.

काउंटरपलीकडचा माणूस

श्रमाच्या अंगाने आलेली तिसरी भूमिका तुलनेने नवी आहे. आर्ली हॉकशील्ड यांनी १९८३ मध्ये विमानातील परिचारिकांच्या अभ्यासातून ‘भावनिक श्रम’ ही संज्ञा रूढ केली. मनात काहीही असो, चेहऱ्यावर प्रसन्नता राखणे हाही पगारी कामाचा भाग असतो, असा तिचा आशय. या दृष्टीने पाहता तक्रार ज्याच्यामुळे करावी लागली तो आणि ती जो ऐकून घेतो तो, हे बहुधा दोन वेगळे लोक असतात. अमेरिकेत बक्षिसीवर अवलंबून असलेल्या कामगारासाठी संघराज्याने ठरविलेले किमान रोख वेतन १९९१ पासून तासाला २.१३ डॉलर एवढेच आहे (पुष्कळ राज्यांत ते अधिक आहे, आणि बक्षिसी कमी पडल्यास मालकाने तूट भरून काढायची असते); तेथे नाराज परदेशी पाहुण्याने बक्षिसी न देणे ही व्यवस्थापनाविरुद्धची तक्रार राहत नाही, ती वेटरच्या वेतनातील कपात ठरते.

जपानने या प्रश्नाला कायद्याचे रूप दिले आहे. ग्राहक देवासमान, हे तेथे सर्वतोमुखी झालेले वाक्य मिनामी हारुओ या गायकाचे. तो श्रोत्यांपुढे, देवापुढे गावे तशा निर्मळ मनाने गाण्याबद्दल बोलत होता, पण दुकानांतील अरेरावीला त्याचा आधार घेतला जाऊ लागला. ‘अतिथी देवो भव’ हे तैत्तिरीय उपनिषदातील वचन पर्यटनाच्या जाहिरातीत आणणाऱ्या देशाने हा अनुभव पाहून ठेवण्यासारखा आहे. तोक्यो महानगराने ऑक्टोबर २०२४ मध्ये ग्राहकांकडून होणाऱ्या छळाला प्रतिबंध करणारा अध्यादेशवजा स्थानिक कायदा मंजूर केला आणि १ एप्रिल २०२५ पासून तो अमलात आला. त्यात शिक्षेची तरतूद नाही. रास्त तक्रार आणि छळ यांच्यात रेषा कोठे ओढायची, हे मार्गदर्शक तत्त्वांवर सोपविलेले आहे, आणि जपानी न जाणणाऱ्या प्रवाशाचा वैतागलेला स्वर त्या रेषेच्या कोणत्या बाजूला पडतो हे व्यवहारातच ठरत जाईल.

कायद्याची दोन टोके

कायदा काही ठिकाणी तक्रारदाराच्या पाठीशी असतो, काही ठिकाणी त्याच्या मागे लागतो. थायलंडमध्ये अब्रुनुकसानी फौजदारी गुन्हा असून प्रसिद्धीद्वारे केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. २०२० मध्ये कोह चांग बेटावरील एका हॉटेलाविषयी प्रतिकूल परीक्षणे लिहिणाऱ्या अमेरिकी नागरिकाला याच तरतुदीखाली अटक झाली; वादाची सुरुवात स्वतः आणलेल्या मद्याच्या बाटलीवर आकारलेल्या शुल्कावरून झाली होती, आणि शेवट माफी व तडजोडीने झाला. संयुक्त अरब अमिरातीतही ऑनलाइन मानहानी दंडनीय आहे. याला परक्यांचा कठोरपणा समजण्याचे कारण नाही, कारण भारतीय न्याय संहितेच्या ३५६ व्या कलमानुसार अब्रुनुकसानी आपल्याकडेही फौजदारी गुन्हाच आहे. दुसऱ्या टोकाला अमेरिकेचा २०१६ चा कायदा आहे, ज्याने ग्राहकाला परीक्षण लिहिण्यास मनाई करणाऱ्या करारातील अटीच रद्दबातल ठरविल्या.

भारतीय प्रवाशाच्या दृष्टीने २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातील बदल मोलाचा आहे: तक्रारदार जेथे राहतो किंवा काम करतो तेथील आयोगातच तक्रार दाखल करता येते. नाशिकच्या कुटुंबाला मुंबईतील सहल कंपनीविरुद्ध नाशिकातच दाद मागता येते, मग बिघाड रोममध्ये झालेला का असेना. परदेशी हॉटेलाशी परस्पर व्यवहार केला असेल तर मात्र येथील आदेशाची तेथे अंमलबजावणी करणे अवघड असते. जागतिक पातळीवर पर्यटनविषयक नीतिसंहिता १९९९ मध्ये सँटियागो येथे स्वीकारली गेली, पर्यटकांच्या संरक्षणाची आंतरराष्ट्रीय संहिता २०२१ मध्ये आली. दोन्ही ऐच्छिक आहेत. परदेशी पर्यटकांना न्याय मिळणे सुकर व्हावे यासाठी ब्राझीलने २०१३ मध्ये आंतरराष्ट्रीय खासगी कायद्याच्या हेग परिषदेपुढे करार सुचविला होता, त्याचे बंधनकारक करारात रूपांतर झालेले नाही.

अनिर्णित बाबी

या विषयावरील बहुतांश संशोधन पाहुण्याला किंवा व्यवस्थापनाला विचारून झालेले आहे. तक्रारीनंतर पाहुण्याचे समाधान झाले का, तो परत आला का, हे मोजले गेले. तक्रार ज्याच्या नावे नोंदली गेली त्या कर्मचाऱ्याचे पुढे काय झाले, याचा माग फारसा कोणी घेतलेला नाही. हे कळल्याखेरीज स्पेनची कागदी पद्धत खरोखर सौम्य आहे की तिचा दंश केवळ पाहुण्याच्या नजरेआड होतो, हे सांगता येणार नाही.

त्याहून अवघड प्रश्न ‘परकी संस्कृती’ नेमकी कोणाची, हा आहे. दुबईतील हॉटेलात पुण्याच्या पाहुण्याला चहा आणून देणारा नेपाळी, फिलिपिनो, मल्याळी असतो, क्वचित रत्नागिरीचाही निघतो. अमिराती माणसाशी पाहुण्याची गाठ पारपत्राच्या शिक्क्यापुरती पडते. कॅरिबियन समुद्रात फिरणाऱ्या, तिसऱ्याच देशाचा ध्वज लावलेल्या पर्यटन-जहाजावर गोव्याचे तारवटी (जहाजांवर नोकरी करणारे) पिढ्यान्‌पिढ्या खोल्या आवरतात, पाने वाढतात, आणि सफरीच्या शेवटी पाहुण्यांकडून भरून घेतलेले अभिप्रायाचे कागद व्यवस्थापनाकडे जातात. तेथे यजमानाचा रिवाज म्हणून कोणता पाळावा, याचे उत्तर ब्राउन-लेव्हिन्सन यांच्याकडे नाही आणि हॉफस्टेड यांच्या गुणपत्रिकेतही नाही. गोव्याच्या सासष्टी आणि बार्देश तालुक्यांतील गावांत निवृत्त तारवटी मोठ्या संख्येने आहेत. त्या अभिप्रायांचा पुढचा करार मिळण्या-न मिळण्याशी कितपत संबंध होता, कोणत्या तक्रारी त्यांना रास्त वाटल्या आणि कोणत्या केवळ जाचक, हे त्यांना पद्धतशीरपणे विचारण्याचे काम मराठी-कोंकणी प्रदेशातील विद्यापीठांना घरबसल्या करता येण्याजोगे आहे.